बाटल्यात दीडशे, नळीत तीन

सोमवारचा पहिला तास. प्रॅक्टिकलला आलेल्या एका पोरानं ऑक्सिजनच्या बाटल्याला चावी लावली आणि बुलेटला किक मारावी तशी एका दमात फिरवली. ठक्कन आवाज झाला. रेग्युलेटरवरच्या दोन गेजपैकी लहान आकड्यांच्या गेजचा काटा पार टोकाला जाऊन खिळ्यावर आपटला आणि वाकला. बाकी काही झालं नाही. काच शाबूत, पोरगं शाबूत. पण ते उभं होतं बरोबर गेजच्या तोंडासमोर, आणि आदल्या बॅचनं रेग्युलेटरचा स्क्रू पिळलेलाच सोडला होता.

मी आयटीआयला वेल्डिंग शिकवतो. आमच्या भिंतीवर सूचनांचा फलक आहे: व्हॉल्व्ह हळू उघडा, स्क्रू सैल करा, तेल-ग्रीस लावू नका, बाजूला उभे राहा. पोरं तो तोंडी परीक्षेपुरता पाठ करतात आणि परीक्षेबरोबर विसरतात. त्या दिवशी मी फलकाकडं बोट न दाखवता एक बाद झालेला रेग्युलेटर टेबलावर उघडून ठेवला. त्याच्या पोटात काय चालतं हे एकदा दिसलं, की फलकावरच्या ओळी पाठ कराव्या लागत नाहीत, आपल्या आपण सुचतात. निदान माझा अनुभव तरी तसा आहे. तेच इथं लिहितो.

आधी बाटल्याचं बघू. वर्कशॉपमध्ये दाबाला 'बार' फारसं कुणी म्हणत नाही, 'किलो' म्हणतात. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर किती किलोचा भार. बार आणि किलो यांत दोन टक्क्यांचा फरक आहे, कामापुरतं एकच समजा. ऑक्सिजनचा मोठा बाटला, ज्याला कोविडच्या दिवसांत सगळे 'जंबो' म्हणायला लागले, त्याच्यात पाणी भरलं तर जेमतेम ४७ लिटर मावेल. दुकानात मिळणारे वीस लिटरचे दोन जार आणि वर अर्धी कळशी. त्याच जागेत सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन कोंबलेला असतो. म्हणून आतला दाब १५० किलो.

दीडशे हा आकडा ऐकून काही वाटत नाही, म्हणून शेजारी दोन आकडे ठेवतो. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण १ किलो दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन. आणि इथं दीडशे. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साखरेची तीन पोती उभी केल्यासारखं. बाटल्याचं पोलाद ते सहज पेलतं, त्याची चाचणी याहून बऱ्याच वरच्या दाबाला झालेली असते. प्रश्न बाटल्याचा नसतोच. त्याच्या तोंडाला आपण जे लावतो त्याचा असतो. कटिंगच्या नळीची मजल साधारण २० किलोपर्यंत, आणि १० मिलिमीटरची प्लेट कापायला कटरला, म्हणजे ज्योतीनं कापायच्या टॉर्चला, ऑक्सिजन लागतो दोन-तीन किलोनं.

आता एक पोरगं हमखास विचारतं, "सर, मग बाटल्याचाच कॉक थोडासा उघडला तर? नळ बारीक सोडतो तसा?"

प्रश्न चांगला आहे आणि सगळी गोम त्यातच आहे. नळ बारीक सोडला की पाणी हळू येतं, हे खरं. पण त्याच नळाला पाईप लावा आणि पाईपचं दुसरं टोक अंगठ्यानं बंद करा. धार कितीही बारीक असो, थोड्या वेळानं पाईप फुगून तेवढाच ताठ होतो जेवढा पूर्ण सोडलेल्या नळाला झाला असता. कारण नळ फक्त वेळ लावतो, दाब कमी करत नाही. कॉक केसभर जरी उघडला, तरी कटरचा व्हॉल्व्ह बंद असताना नळीतला दाब चढत चढत दीडशेला जाणार. वाटेत कुठंतरी नळी फुटेल एवढंच. म्हणून आपल्याला असं काहीतरी हवं, जे पुढं दाब किती झालाय ते सतत बघत राहील आणि गरजेपुरतं भरलं की स्वतःहून दार लावून घेईल.

असं यंत्र आपल्या प्रत्येकाच्या गच्चीवर आहे. पाण्याच्या टाकीतला फ्लोट. पाणी चढलं की फुगा वर उचलला जातो आणि नळ मिटतो. कुणी बादलीभर पाणी काढलं की फुगा खाली येतो, नळ उघडतो. टाकीच्या उंचीवर कुणी माणूस बसवावा लागत नाही. रेग्युलेटर हे तेच काम करतो, फक्त पाण्याच्या पातळीऐवजी वायूच्या दाबावर.

टेबलावर उघडलेल्या रेग्युलेटरमध्ये मोजून तीन गोष्टी बघायच्या होत्या. एक जाड स्प्रिंग. तिच्याखाली रबराची, कापड घातलेली गोल चकती, तिला डायफ्रॅम म्हणतात. आणि चकतीच्या खाली एका दांडीला जोडलेली इवलीशी सीट, जी आतल्या बारीक भोकावर बूच बसावं तशी बसते. बाटल्याकडून येणारा दीडशे किलोचा वायू त्या भोकातूनच आत येतो. समोरचा स्क्रू पिळला की स्प्रिंग दबते, स्प्रिंग चकतीला खाली रेटते, चकती दांडीला, आणि सीट भोकावरून उठते. वायू आत शिरतो. शिरला की तोच वायू खालून चकतीला वर ढकलायला लागतो. खालून रेटा जसा वाढतो तशी चकती वर जाते, सीट परत भोकावर बसते. पुढं कटर उघडला, वायू निघून गेला, खालचा रेटा कमी झाला, की स्प्रिंग पुन्हा जिंकते. ही झटापट कटर चालू असेपर्यंत अखंड चालू असते.

थोडं गणित केलं तर गंमत कळते. समजा चकतीचा व्यास ५ सेंटीमीटर. म्हणजे क्षेत्रफळ २० चौरस सेंटीमीटरच्या आसपास. तीन किलो दाब हवा असेल तर खालून वायूचा रेटा झाला साठ किलो, म्हणजे स्प्रिंगनंही वरून साठ किलोनं दाबायला हवं. पोरांना ती स्प्रिंग अंगठ्यानं दाबून बघायला लावली. कुणाला दबली नाही. एवढ्यासाठी तर स्क्रू लागतो.

या चित्रातून पहिला नियम निघतो, आणि तो सगळ्यांत जास्त चुकवला जातो. आपला हात नळाला सरावलेला. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की बंद, उलट फिरवलं की चालू. रेग्युलेटरचा स्क्रू बरोबर उलटा आहे: पिळला की चालू, सैल सोडला की बंद. नवीन पोरं काम संपल्यावर 'नीट बंद' करायचा म्हणून स्क्रू घट्ट पिळतात, आणि त्यांच्या मते त्यांनी काळजीच घेतलेली असते! प्रत्यक्षात त्यांनी स्प्रिंग पूर्ण दाबून, सीट सताड उघडी ठेवून रेग्युलेटर दुसऱ्याच्या हातात दिलेला असतो. दुसऱ्या दिवशी कुणी बाटला उघडला की दीडशे किलो थेट आत घुसतात. चकतीला सावरायला, सीटला मिटायला क्षणभर तरी लागतो. तेवढ्या क्षणात काटा खिळ्यावर आदळतो. सोमवारी झालं ते हेच. स्क्रू बोटात खुळखुळेपर्यंत सैल आहे ना, हे बघितल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही.

पण समजा स्क्रू सैल आहे. तरी हळूच का उघडायचं?

इथं मला थोडं थांबायचंय, कारण ऑक्सिजनच्या बाबतीत सगळ्यांत वाईट अपघात या एका झटक्यातून होतात आणि त्याचं कारण डोळ्यांना दिसत नाही. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे प्रत्येकानं अनुभवलंय. वायू झटकन दाबला की तापतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, ते याच गोष्टीवर चालतं. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. आता बाटल्याचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरची सीट यांच्यामधली ती बारीक पोकळी डोळ्यांसमोर आणा. व्हॉल्व्ह उघडण्याआधी तिच्यात साध्या दाबाचा वायू आहे. एका झटक्यात मागून दीडशे किलोचा ऑक्सिजन येतो आणि त्या वायूला टोकाशी चेपून टाकतो. पुस्तकी हिशेब केला तर त्या चेपलेल्या वायूचं तापमान ९०० अंशांच्या पुढं जातं. प्रत्यक्षात धातू बरीच उष्णता शोषून घेतो, म्हणून दरवेळी काही होत नाही. पण त्या टोकाशी सीट आहे, जी बहुतेक वेळा नायलॉन किंवा तत्सम प्लास्टिकची असते. आजूबाजूला शुद्ध ऑक्सिजन. आणि तिथं कुणाच्या हाताचं तेल लागलेलं असलं, तर मग काडी लावायला दुसरं काही लागत नाही. आधी तेल पेटतं, मग सीट, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये धातूसुद्धा जळतो. असा जळालेला रेग्युलेटर मी एका कारखान्यात बघितलाय. पितळेची भिंत आतून मेणासारखी वितळून बाजूला भोक पडलेलं होतं. चावी फिरवणारा माणूस त्या दिवशी सुदैवानं दुसऱ्या बाजूला होता.

तर चावी हळू, इतकी हळू की काटा चढताना दिसला पाहिजे. आणि उभं राहायचं असं, की गेजचं तोंड किंवा पाठ आपल्याकडं नसेल. गेजच्या आत एक वाकडी, चपटी नळी असते. जत्रेत मिळणारी ती कागदी पिपाणी आठवा, फुंकली की गुंडाळी सुटून लांब होणारी. तसंच. आत दाब गेला की नळी सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेले दाते काटा फिरवतात. युजीन बूर्दों या फ्रेंच माणसानं १८४९ मध्ये ही युक्ती केली आणि अजून तीच चालू आहे. ती नळी फाटली तर वायू समोरची काच घेऊन तरी बाहेर येतो किंवा मागचं झाकण तरी उडवतो.

तेलाबद्दल आमच्याकडं वेगळंच सांगावं लागतं. ग्रीसचा डबा कुणी रेग्युलेटरजवळ नेत नाही, एवढं आता बहुतेकांना कळलंय. पण सकाळी डोक्याला खोबरेल चोपडून आलेला पोरगा तोच हात केसांतून फिरवून नट बसवतो. डब्यातली भाजी खाऊन फडक्याला हात पुसतो आणि त्याच फडक्यानं बाटल्याचं तोंड पुसतो. नट जाम झाला म्हणून ऑइलचा थेंब सोडणारे मिस्त्रीही भेटतात, आणि ते तीस वर्षं काम करणारे असतात. 'इतकी वर्षं काही झालं नाही' हा त्यांचा पुरावा. ऑक्सिजनच्या गेजवर तेल वापरू नका असं छापलेलं असतं ते उगाच नाही. तसंच ऑक्सिजनला 'हवा' म्हणायची सवय मोडायला हवी. हवा म्हटलं की माणूस तिनं अंगावरची धूळ उडवतो. ऑक्सिजन कपड्यांत मुरतो, बराच वेळ राहतो, आणि मग एका ठिणगीत शर्ट कापसासारखा पेटतो.

आता सीटकडं परत येऊ, कारण टेबलावरच्या रेग्युलेटरचा रोग तिथं होता. सीट चिमट्यात धरून उजेडात फिरवली तर तिच्या गोल कडेवर नखानं ओरखडावं तशी एक रेघ होती. गंजाचा कण किंवा वाळूचा दाणा एकदा त्या भोकातून गेला की एवढं पुरतं. मग सीट मिटली तरी पुरती मिटत नाही, वायू झिरपत राहतो. कटर चालू असताना हे कळतच नाही, कारण झिरपलेला वायू जळून जातो. कटर बंद करून चहाला गेलात आणि परत आलात, तर तीनवर ठेवलेला काटा पाचवर, सहावर. याला 'क्रीप' म्हणतात. असा रेग्युलेटर तात्काळ बाजूला काढायचा. तपासायला दोन मिनिटं लागतात: दाब लावा, कटरचे व्हॉल्व्ह बंद ठेवा, काट्यावर नजर ठेवा. हलला तर दुरुस्तीला. कण जाऊ नये म्हणून रेग्युलेटर बसवण्याआधी ऑक्सिजनचा बाटला क्षणभर किंचित उघडून तोंडाची धूळ उडवून द्यायची, तोंड माणसांपासून आणि आगीपासून लांब करून. आणि नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. तो जोड धातूवर धातू नीट बसून घट्ट होतो, टेपनं उलट तुकडे आत जातात.

आणखी एक गोष्ट लक्षात आली असेल तर बघा. बाटल्याचा दाबसुद्धा सीटवर कुठंतरी रेटा देत असणार ना? देतोच. नेहमीच्या बनावटीत तो सीटला मिटवायच्या बाजूनं ढकलतो. भोक अडीच मिलिमीटरचं धरलं तर दीडशे किलोला हा रेटा सातेक किलोचा होतो. बाटला संपत आला की ही मदत नाहीशी होते, स्प्रिंगला तेवढं मोकळं मैदान मिळतं, आणि पुढचा दाब चकतीच्या हिशेबानं पाव ते अर्धा किलो वाढतो. म्हणून बाटला सरत आला की ज्योत बदलल्यासारखी वाटते आणि जुना कारागीर न बोलता स्क्रू थोडा सैल करतो. जिथं हा फरक चालत नाही, प्रयोगशाळेत वगैरे, तिथं दोन टप्प्यांचा रेग्युलेटर घेतात. पहिला टप्पा दीडशेचे वीसेक करतो, दुसऱ्याला बाटला भरलाय की रिकामा हे कळतच नाही.

इथपर्यंत बोललो ते दाबाचं. प्रवाह वेगळा, म्हणजे मिनिटाला किती लिटर. दोन्ही शब्दांची सरमिसळ घरोघरी झाली ती २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन यायचे: "सर, बाबांना ऑक्सिजन लावलाय, काटा शंभरवर आहे, म्हणजे शंभरनं चाललाय का?" नाही. काटा फक्त बाटल्यात किती शिल्लक आहे ते सांगतो. रुग्णाला किती जातंय ते शेजारच्या उभ्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळीतला छोटा गोळा सांगतो. नळी खाली अरुंद, वर रुंद होत जाते. खालून येणारा वायू गोळ्याला उचलतो आणि वजन व धक्का जिथं सारखे होतात तिथं तो तरंगत राहतो. आकडा वाचायचा गोळ्याच्या मध्यावर. आणि नळी उभीच हवी, तिरपी झाली की गोळा भिंतीला घासतो आणि खोटं बोलतो. पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे म्हणजे मोजमाप नव्हे. प्रवाह किती ठेवायचा हे डॉक्टरांचं काम. तो आकडा गोळ्यावर आणून ठेवणं आपलं.

शिल्लक मात्र कुणालाही काढता येते. बाटल्याचं पाण्याचं माप गुणिले काट्यावरचा दाब. ४७ लिटरच्या बाटल्यात काटा १०० वर असेल तर ४,७०० लिटर. मिनिटाला ५ लिटर जात असेल तर ९४० मिनिटं, साधारण साडेपंधरा तास. लहान, १० लिटरचा बाटला काठोकाठ भरलेला, १५० वर, मिनिटाला २ लिटर: साडेबारा तास. त्या दिवसांत हा गुणाकार मी फोनवर किती वेळा सांगितला त्याची गणती नाही. सुरुवातीला मी उत्तर सांगायचो, नंतर कागद-पेन घ्यायला सांगायला लागलो, कारण रात्री तीन वाजता माझा फोन लागला नाही तर? शेवटचे दहा-पंधरा किलो हिशेबात धरायचे नाहीत. पूर्ण रिकामा केलेला बाटला बाहेरची दमट हवा आत ओढतो, शिवाय बदलायला वेळ लागतोच.

हा गुणाकार सगळ्या बाटल्यांना मात्र चालत नाही. सीओटू वेल्डिंगच्या बाटल्यात बहुतांश द्रव असतो. द्रवावर किती वायू आहे याला महत्त्व नाही. द्रव शिल्लक आहे तोवर काटा एकाच जागी, २० अंशांना साधारण ५७ किलोच्या आसपास. मग द्रव संपला की काटा बघता बघता खाली. म्हणून हा बाटला वजनावर ओळखायचा, घरच्या गॅससारखा. आणि कार्बन डायऑक्साईड ३१ अंशांच्या वर द्रव राहूच शकत नाही, त्यामुळं आपल्याकडच्या उन्हाळ्यात उन्हात ठेवलेल्या बाटल्याचा दाब झपाट्यानं चढतो. ऑक्सिजनचा त्या मानानं बेतानं वाढतो, १५ अंशांना १५० असलेला ४५ अंशांना १६५ च्या जवळ. दोन्ही सावलीतच ठेवा, पण सीओटूची काळजी जास्त. त्याच्या रेग्युलेटरवर कामाच्या भरात पांढरं बर्फ चढतं, कारण वायू पसरताना उष्णता खातो. मग आत कोरड्या बर्फाचे कण अडकतात आणि प्रवाह धडधडत तुटक होतो. त्यासाठी विजेचा हीटर मिळतो, तो लावायचा. कटरची ज्योत फिरवून बर्फ वितळवणारे महाभाग मी बघितलेत.

जाता जाता: सीओटूचा प्रवाह १० ते १५ लिटर पुरतो. जाळी पडतेय, म्हणजे वेल्डमध्ये बारीक भोकं राहतायत, म्हणून पोरं तो पंचवीसवर नेतात, आणि जोरात सुटलेला वायू घुसळून बाहेरची हवा आत ओढतो, मग आणखी जाळी पडते. आधी पंखा बंद करून बघा.

राहिला ॲसिटिलीन, आमच्या भाषेत डीए. हा वायू स्वभावानं वेगळा आहे. ऑक्सिजन दुसऱ्याला जळायला मदत करतो, हा ऑक्सिजन नसतानाही एकटा फुटू शकतो, फक्त दाबला पाहिजे. मग तो बाटल्यात भरतात कसा? १८९६-९७ च्या सुमारास फ्रान्समध्ये क्लॉद आणि हेस या दोघांनी दाखवलं की ॲसिटोनमध्ये तो भरपूर विरघळतो. त्यामुळं डीएचा बाटला आतून पोकळ नसतोच, सच्छिद्र दगडासारख्या पदार्थानं गच्च भरलेला असतो, त्याच्या छिद्रांत ॲसिटोन आणि त्यात विरघळलेला वायू. म्हणून हा बाटला आडवा वापरायचा नाही, नाहीतर ॲसिटोन नळीत येतं. फार जोरात ओढला तरी येतं. आमच्याकडं ठोकताळा असा, की तासाला बाटल्यातल्या एकूण वायूच्या सातव्या भागाहून जास्त ओढायचा नाही. आणि रेग्युलेटरच्या पुढं डीए एक किलोच्या वर कधीही न्यायचा नाही. कटिंगला पाव-अर्धा किलो पुरतो. डीएच्या गेजवर एकच्या पुढं लाल पट्टा असतो तो याच कारणासाठी. त्याचे नट उलट्या आट्यांचे आणि कोपऱ्यांवर खाच पाडलेले, म्हणजे चुकून ऑक्सिजनचा रेग्युलेटर त्यावर बसू नये. बाटला मरून, नळी लाल. आणि फाटलेली डीएची नळी तांब्याच्या तुकड्यानं जोडायची नाही. जुगाड म्हणून ते फार सोयीचं वाटतं, पण तांबं आणि ॲसिटिलीन मिळून जो थर तयार होतो तो नुसत्या ठोक्यानं फुटतो.

याच वायूला वश करणाऱ्या रेग्युलेटरला भौतिकशास्त्राचा नोबेल मिळालाय, हे पोरांना सांगितलं की त्यांना खोटं वाटतं. १९१२ सालचा. स्वीडनचे गुस्ताफ दालेन. समुद्रातल्या दीपगृहांना आणि बोयांना माणसाशिवाय महिनोन्‌महिने दिवा पेटता ठेवायचा होता. दालेन यांच्या स्वयंचलित रेग्युलेटरनं ॲसिटिलीन मोजून मोजून सोडला आणि दिवा लुकलुकत ठेवला, उजेड पडला की विझवणारी झडपही त्यांचीच. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या बाटल्यांवर प्रयोग करताना स्फोट झाला आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. पुरस्कार घ्यायला त्यांचे भाऊ गेले. हे भाऊ डोळ्यांचे डॉक्टर होते. दालेन यांनी पुढं १९३७ पर्यंत, मरेपर्यंत, कंपनी चालवली.

कामाचा क्रम आता फार सांगायला नको, तुम्हीच लावाल. बाटला उभा, साखळीनं बांधलेला. स्क्रू सैल. बाजूला उभं राहून ऑक्सिजनची चावी हळू, मग पूर्ण उघडी, कारण तो व्हॉल्व्ह वर टेकला की स्पिंडलपाशी गळत नाही. डीएची चावी एक-दीड फेरा पुरे आणि ती तशीच लावलेली ठेवायची, म्हणजे आग लागली तर शोधावी लागत नाही. मग कटर उघडा ठेवून स्क्रूनं दाब लावायचा. कटर बंद ठेवून लावला तर उघडल्यावर तो थोडा पडतो. जोडांवर साबणाचं पाणी, फेस आला तर गळती. काडी लावून गळती शोधायची नाही. दोन्ही रेग्युलेटरना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी मागं शिरली तर अडवणारी झडप. आणि बाटला घेताना खांद्यावरचे ठसे वाचा, शेवटची पाण्याच्या दाबाची चाचणी केव्हा झाली ते तिथं ठोकलेलं असतं. ऑक्सिजनच्या बाटल्याला ती दर पाच वर्षांनी लागते. हे नियम २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत आहेत आणि ते बघणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात आहे.

काम संपलं की आधी बाटल्याच्या चाव्या बंद, मग कटर उघडून नळी रिकामी, दोन्ही काटे शून्यावर, आणि शेवटी स्क्रू सैल.

रेग्युलेटर परत जुळवत होतो तेव्हा ज्यानं काटा वाकवला होता त्याच पोरानं विचारलं, "सर, घरच्या गॅसच्या रेग्युलेटरला मग स्क्रू का नाही?"

आहे. आत स्प्रिंग आहे, चकती आहे, सीट आहे. फक्त दाब कारखान्यातच लावून झाकण बंद केलेलं असतं, कुणी छेडू नये म्हणून. बाटल्यात हवामानाप्रमाणं पाच ते आठ किलो, बाहेर शेगडीला किलोचा फक्त तेहतिसावा भाग, तीस ग्रॅम. फूटपट्टीएवढ्या उंच पाण्याचा जेवढा दाब तेवढाच. इतक्या कमी दाबाला चकती हलायला हवी म्हणून ती मोठी, म्हणून तो रेग्युलेटर पसरट, बशीसारखा.

"आणि वरच्या बाजूला ते बारीक भोक?"

चकती वर-खाली होते तेव्हा तिच्या पाठीमागची हवा कुठून तरी आत-बाहेर जायला हवी ना. ते तिचं नाक. त्यात पीठ बसतं, कधी किडा घर करतो, आणि मग ज्योत नाचायला लागते.

पोरानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या सांगितलं, घरचा रेग्युलेटर काढून बघितला, भोकात हळदीसारखं काहीतरी होतं. ते टाचणीनं टोकरून काढलंस का म्हणून विचारलं तर म्हणाला, "नाही सर, आत चकती आहे. फाटली असती." एजन्सीत नेऊन बदलून आणला म्हणे.